कोकोचा रास्त भाव कुठे ठरतो

कोकोचे झाड मुळात सावलीतले. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, उंच वृक्षांखालच्या ओलसर पालापाचोळ्यात ते वाढले आणि शेतात आणल्यावरही त्याची ती सवय सुटली नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे २० अंशांपर्यंतचा पट्टा, वर्षाला १५०० ते २००० मिलिमीटर पाऊस किंवा त्याची उणीव भरून काढणारे ओलित, दमट हवा, फार न तापणारा उन्हाळा आणि वाऱ्यापासून आडोसा एवढे मिळाले, तरच ते मनापासून फळते. बुलडाणा जिल्हा नेमका या पट्ट्याच्या कडेवर येतो, पण बाकीच्या अटींत बसत नाही. पाऊस ७००-८०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. त्यामुळे काळ्या कसदार जमिनीच्या या जिल्ह्यात कोकोचे व्यापारी पीक नाही आणि ते घेण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

मात्र कोकोच्या शेतीत गेल्या साठ वर्षांत शेतकरी आणि कारखानदार यांच्यात जे घडले, ते बुलडाण्याच्या शेतकऱ्याला परके वाटणार नाही. माल कच्चा विकायचा, त्याची प्रत दुसऱ्याने ठरवायची, दर तिसऱ्याच देशातल्या वायदेबाजारात हलायचा, हा अनुभव कापसाने, सोयाबीनने आणि अलीकडे बीजोत्पादनाच्या शेडनेटनेही जिल्ह्याला दिला आहे. या व्यवहारातून बाहेर पडण्याचे काही मार्ग छोट्या चॉकलेट उत्पादकांनी आणि कोको बागायतदारांनी मिळून शोधले. त्यांतले काही टिकले, काही फसले.

भारतात कोको पहिल्यांदा आला तो १७९८ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीने आज तमिळनाडूत असलेल्या कुर्ताळम येथे त्याची रोपे लावली. ते औत्सुक्यापुरतेच राहिले. व्यापारी लागवड सुरू व्हायला १९६५ साल उजाडले. कॅडबरी कंपनी १९४८ मध्ये मुंबईत आली होती, पण कच्चा माल परदेशातून येई. तो इथेच पिकावा म्हणून कंपनीने केरळातल्या वायनाड भागात चुंडेल येथे प्रात्यक्षिक बाग उभी केली, रोपे वाटली, सल्ला दिला. १९७० च्या दशकात जगात कोकोचे भाव चढले आणि केरळ व दक्षिण कर्नाटकातल्या नारळ-सुपारीच्या बागांत कोको झपाट्याने पसरला. शेतकऱ्याला खर्च फारसा नव्हता. जमीन तीच, पाणी तेच, झाडांमधली रिकामी जागा तेवढी कामी येत होती.

दशक संपता संपता भाव कोसळले. खरेदीदारांनी हात आखडता घेतला आणि बागांत पिकलेली फळे झाडावरच राहू लागली. दोन-तीन ग्राहकांच्या भरवशावर उभे राहिलेले पीक कसे एका हंगामात निराधार होते, याचे हे भारतातले ठळक उदाहरण. केरळात अनेकांनी झाडे तोडून टाकली. त्या वेळी १९७३ मध्ये मंगळुरूला स्थापन झालेली सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था ‘कॅम्पको’ पुढे आली. सुपारीच्या व्यापाऱ्यांना आळा घालण्यासाठी निघालेल्या या संस्थेने कोकोची खरेदी सुरू केली. नुसती खरेदी करून भागणार नाही हेही तिच्या धुरिणांना लवकरच उमगले, कारण घेतलेले बी विकायचे कुणाला हा प्रश्न संस्थेपुढेही उभाच होता. १९८६ मध्ये कॅम्पकोने दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. शेतकऱ्यांच्या मालकीचा एवढा मोठा चॉकलेट कारखाना देशात तोवर नव्हता. महाराष्ट्राने साखरेत जे केले, तेच किनारपट्टीच्या या शेतकऱ्यांनी कोकोत केले. भारतातली कोकोची शेती आज शिल्लक आहे, त्याचे मोठे श्रेय या निर्णयाला द्यावे लागते.

पुढे केरळ कृषी विद्यापीठाने १९८७ पासून कॅडबरी कंपनीच्या सहकार्याने सुधारित वाण काढले, विट्टल येथील केंद्रीय संशोधन केंद्रानेही संकरित वाण दिले आणि लागवड आंध्र प्रदेशात पसरली. गोदावरी खोऱ्यातल्या नारळ आणि तेलताडाच्या बागांमुळे आंध्र आज देशात पहिल्या क्रमांकावर आहे. त्यामागे केरळ, कर्नाटक, तमिळनाडू. सगळे मिळून देशाचे उत्पादन वर्षाला तीस हजार टनांच्या आसपास भरते. कारखान्यांची गरज याहून कितीतरी मोठी असल्याने उरलेला कोको आयात होतो. म्हणजे भारतीय शेतकऱ्याच्या मालाला घरातच गिऱ्हाईक आहे. तरीही तो भावासाठी झगडतो, आणि त्याचे कारण बागेत व बागेनंतरच्या आठवड्यात शोधावे लागते.

बागेपुरते बोलायचे तर कोको हे टिकाऊ शेतीला साजेसे पीक आहे. नारळ किंवा सुपारीच्या दोन ओळींमध्ये हेक्टरी चारशे ते सातशे झाडे बसतात. नारळाच्या झावळ्यांतून गाळून येणारे निम्मे ऊन कोकोला पुरते. वर्षभर गळणारी मोठी पाने जमीन झाकून ठेवतात, ओल धरतात आणि कुजून खत होतात. फुले फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. त्यांचे परागीभवन मधमाश्या करत नाहीत. ते काम चिलटाएवढे बारीक कीटक करतात, आणि त्या कीटकांची पैदास होते ती कुजणाऱ्या पाल्यात, केळीच्या सडक्या खुंटांत, फळांच्या टाकून दिलेल्या सालींत. बाग झाडून लख्ख ठेवणारा शेतकरी नकळत फळधारणा कमी करून बसतो. तशीही हजारो फुलांतून शेकडा एक ते पाचच फुलांचे फळ होते, म्हणून हे कीटक जपणे म्हणजे उत्पन्न जपणे. त्यांना मारणारी अंधाधुंद फवारणी म्हणूनच या बागेत दुहेरी तोट्याची ठरते.

छाटणी हा कोकोच्या शेतीचा प्राण. खोडावरचे वांझ फुटवे वेळच्या वेळी काढले नाहीत तर झाड उंच जाते, आतला भाग कोंदट होतो आणि पावसाळ्यात फळे काळी पडून कुजतात. ही फळकूज ओलाव्यात पसरणाऱ्या बुरशीसदृश जीवामुळे होते. रोगट फळे तोडून बागेबाहेर नेणे, हवा खेळती ठेवणे आणि अगदी गरज पडेल तेव्हाच ताम्रयुक्त औषध मारणे हा उपाय. काजूवर येणारा ढेकण्या कोकोवरही येतो. पण भारतात सगळ्यांत मोठे नुकसान करतात ते उंदीर आणि खारी. पिकलेले फळ त्यांना आवडते, म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी फळे उतरवत राहणे हाच खरा बंदोबस्त. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत पाच ते सहा महिने लागतात. एका फळात तीस ते पंचेचाळीस बिया निघतात, आणि एक किलो वाळलेल्या कोकोसाठी वीस-पंचवीस फळे फोडावी लागतात. चांगल्या निगराणीतले झाड वर्षाला एक ते दोन किलो वाळलेले बी देते.

फळ फोडल्यावर जे हाती येते ते पांढऱ्या, गोडसर गराने वेढलेले ओले बी असते. त्याला चॉकलेटची चव नसते, वासही नसतो. चावले तर ते कडू आणि तुरट लागते. चव तयार होते पुढच्या पाच ते सात दिवसांत, आणि कोकोच्या साऱ्या अर्थकारणाची किल्ली याच आठवड्यात आहे.

ओले बी लाकडी पेट्यांत, टोपल्यांत किंवा केळीच्या पानांखाली ढीग करून आंबवतात. आधी गरातल्या साखरेवर यीस्ट तुटून पडते आणि अल्कोहोल तयार होते, मग जिवाणू त्याचे आम्लांत रूपांतर करतात. ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढते. उष्णता आणि आम्ल बीच्या आत शिरते, अंकुर मरतो, आतल्या पेशी फुटतात आणि प्रथिने व शर्करा मोकळ्या होऊन चवीची पूर्वतयारी होते. दर एक-दोन दिवसांनी ढीग उलथापालथ करावा लागतो, नाहीतर मधले बी जास्त आंबते आणि कडेचे कच्चे राहते. नंतर उन्हात पसरून, रोज हलवत, ओलावा सात टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवणे. घाई केली तर आम्ल आत कोंडते आणि चॉकलेट आंबट होते. उशीर झाला तर बुरशी येते. नीट आंबलेले बी कापले की आत तपकिरी रंग आणि भेगा दिसतात, न आंबलेले बी पाटीच्या दगडासारखे राखाडी आणि गच्च दिसते. प्रत तपासण्याची जगभरची पद्धत म्हणजे नमुन्यातल्या ३०० बिया उभ्या कापून रंग, बुरशी आणि किडीचे डाग मोजणे.

आता अडचण पाहा. आंबवायला एकदम बरेच ओले बी लागते, कारण लहान ढीग तापतच नाही. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याकडे एका तोडणीला तेवढे बी निघेलच असे नाही. केरळात आणि किनारी कर्नाटकात फळांचा एक मोठा बहर ऐन पावसाळ्यात येतो, तेव्हा वाळवायला ऊन नसते. मग शेतकरी ओले बी त्याच दिवशी दारावर आलेल्या दलालाला देऊन मोकळा होतो. तीन किलो ओल्या बियांतून साधारण एक किलो वाळलेले बी मिळते, आणि ओल्याचा दर ठरवताना ओलावा किती धरायचा, गर किती निथळलेला, खराब बी किती, हे सगळे घेणारा सांगतो. ओले बी दुसऱ्या दिवशी खराब होणार हे दोघांनाही माहीत असते. घासाघीस करायला शेतकऱ्याजवळ एक रात्रही नसते. रास्त भावाची सारी भाषा या एका रात्रीपुढे लंगडी पडते, म्हणून जी भागीदारी आंबवण्याच्या पेटीपर्यंत पोहोचत नाही तिला रास्त म्हणणे कठीण आहे.

याच्या वरच्या थरावर जागतिक बाजार बसलेला आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि भाव मात्र लंडन व न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत ठरतो. बरीच वर्षे हा भाव टनामागे दोन ते तीन हजार डॉलरच्या घरात घोटाळत होता. त्या दरात लहान शेतकऱ्याला जुनी झाडे बदलणे, खत घालणे, मजुरी देणे परवडत नव्हते. मजुरीच्या जागी घरची आणि बाहेरची मुले राबू लागली. २००१ मध्ये अमेरिकेत मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी सर्वांत वाईट स्वरूपाची बालमजुरी संपवण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या पाहणीत या दोन देशांच्या कोकोशेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले काम करत असल्याचे आढळले. करारावर सह्या झाल्या, पण शेतकऱ्याला मिळणारा दर तिथेच राहिला. दर न वाढवता केलेले कोणतेही वचन शेतात पोहोचत नाही, हे यातून दिसते.

दोन्ही देशांनी २०१९ मध्ये टनामागे ४०० डॉलरची जादा रक्कम शेतकऱ्याच्या उदरनिर्वाहासाठी लावण्याचा निर्णय घेतला. तोवर झाडे म्हातारी झाली होती, विषाणूजन्य रोग पसरला होता. पाठोपाठ आलेल्या लहरी हवामानाने उत्पादन घटले आणि भाव उसळला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला तो टनामागे १२ हजार डॉलरच्या पलीकडे गेला. आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला त्याचा थोडाच भाग मिळाला, कारण तिथे सरकार हंगामाआधीच दर बांधून देते. भारतात दर बांधलेला नसल्याने २०२४ च्या उन्हाळ्यात वाळलेल्या बियांनी किलोला हजार रुपयांचा आकडा गाठला. काही महिन्यांपूर्वी हाच दर दोन-अडीचशेच्या आसपास होता. ज्यांनी झाडे राखली होती त्यांचे घर एका हंगामात सावरले.

२०२५ मध्ये चक्र उलटे फिरले. आंध्रात एलुरू भागातले शेतकरी पडत्या दराविरुद्ध रस्त्यावर आले. शेवटी राज्य सरकारने मध्ये पडून किलोला ५०० रुपये ठरवले, त्यांतले ५० रुपये सरकारने घालायचे आणि बाकीचे कंपन्यांनी. १९८० च्या सुमाराचीच ही गोष्ट, फरक इतकाच की या वेळी झाडे तुटली नाहीत.

चढउताराच्या या खेळात शेतकऱ्याला आधार देण्याचे तीन प्रयत्न जगात झाले. एक प्रमाणपत्राचा. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीपासून सुरू झालेली फेअरट्रेडची कल्पना कोकोत आली. तिच्यात बाजार कितीही पडला तरी एक किमान दर, आणि त्याखेरीज शेतकरी संघाला सामूहिक कामासाठी वेगळी रक्कम मिळते. ऑक्टोबर २०१९ पासून साध्या कोकोचा हा किमान दर टनाला २४०० डॉलर आणि सामूहिक रक्कम २४० डॉलर होती. पडत्या काळात हा तळ उपयोगी पडतो यात शंका नाही. पण तपासणीचा आणि कागदपत्रांचा खर्च शेतकरी संघावर पडतो, आणि संघाचा सगळा माल प्रमाणित म्हणून विकला जाईल याची हमी नसते. उरलेला माल साध्याच दराने जातो.

दुसरा प्रयत्न मालकीचा. घानात १९९३ मध्ये ‘कुआपा कोकू’ हा कोको उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. १९९८ मध्ये लंडनमध्ये ‘डिव्हाइन’ चॉकलेट बाजारात आले, तेव्हा त्या कंपनीत या शेतकऱ्यांचा एक तृतीयांश वाटा होता. पुढे तो ४५ टक्क्यांपर्यंत गेला. नफ्यात हिस्सा आणि संचालक मंडळावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी ही गोष्ट चॉकलेटच्या धंद्यात दुर्मीळ होती. २०२० मध्ये एका जर्मन कंपनीने बहुतांश हिस्सा घेतल्यावर शेतकऱ्यांचा वाटा घटला. भांडवल लागले की मालकी पातळ होते, ही अडचण आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आधीच ध्यानात घ्यावी अशी आहे.

तिसरा मार्ग छोट्या चॉकलेट उत्पादकांचा. मोठा कारखाना अनेक देशांचे बी एकत्र करून सरासरी चव साधतो, त्यामुळे त्याला एखाद्या बागेच्या बियांचे वेगळेपण नको असते. छोट्या उत्पादकाचे सगळे भांडवलच ते वेगळेपण. तो बी स्वतः भाजतो, टरफल काढतो, दगडी यंत्रात दोन-तीन दिवस दळतो आणि वेष्टनावर बागेचे किंवा गावाचे नाव छापतो. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही लाट सुरू झाली. त्यांतल्या काहींनी शेतकऱ्याला दिलेला दर दरवर्षी जाहीर करण्याचा पायंडा पाडला. मॅसॅच्युसेट्समधली ताझा ही त्यांतली एक. भारतात म्हैसूरला २०१२ मध्ये अर्थ लोफने सुरुवात केली. मग ऑरोव्हिलला मेसन अँड कंपनी, पोल्लाची परिसरातल्या स्वतःच्या बागेतले बी वापरणारे सोकलेट, कोचीचे पॉल अँड माइक, हैदराबादचे मनम असे उत्पादक उभे राहिले. मुंबईत पास्काती हा सेंद्रिय आणि फेअरट्रेड प्रमाणित चॉकलेट बनवणारा आणि कॉफीबरोबर कोकोचेही काम करणारा सबको, हे महाराष्ट्रातले उत्पादक. मोठ्या उद्योगाचा पायाही राज्यात जुना आहे. पुण्याजवळ तळेगावलगतच्या इंदुरीत कॅडबरीचा कारखाना आहे.

या उत्पादकांपैकी जे विचाराने पुढे गेले, त्यांनी आंबवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली किंवा शेतकऱ्याला ती शिकवली. मनमच्या चालकांनी गोदावरी भागात ताडिकलपुडी येथे स्वतःचे आंबवण केंद्र उभारले. तिथे आजूबाजूच्या बागांचे ओले बी येते आणि पुढची सगळी जोखीम केंद्राची असते. केरळात इडुक्कीच्या डोंगरातही लहान शेतकऱ्यांचे ओले बी गोळा करून एकाच ठिकाणी आंबवणारे उपक्रम चालतात. या पद्धतीत शेतकऱ्याचे काम पिकलेले, निरोगी फळ वेळेवर देण्यापुरते राहते आणि ओल्या बियांचा दर बाजारापेक्षा वर ठरवता येतो. दुसऱ्या पद्धतीत मोठा बागायतदार किंवा शेतकरी गट स्वतः आंबवून वाळवलेला माल देतो. कष्ट जास्त, शिकायला दोन-तीन हंगाम लागतात, पण किंमत ठरवताना शेतकऱ्याचा हात वर राहतो, कारण वाळलेले बी कोठारात थांबू शकते. ज्या भागात गट उभा राहू शकतो तिथे हीच पद्धत शेतकऱ्याच्या हिताची.

या जादा दराचा बोजा ग्राहकावर किती पडतो ते साध्या हिशेबाने कळते. एक किलो वाळलेल्या बियांतून टरफल गेल्यावर पाऊण किलोहून थोडा अधिक मगज उरतो. त्यातून ७० टक्के कोकोचे चॉकलेट एक ते सव्वा किलोच्या दरम्यान, धरून चालू की एक किलो शंभर ग्रॅम होते. म्हणजे ७० ग्रॅमचे सुमारे पंधरा बार. बियांचा दर किलोला ५०० रुपये असेल तर एका बारमागे बियांचा खर्च ३३ रुपये. शेतकऱ्याला किलोमागे १०० रुपये जादा दिले तर बारची किंमत सात रुपयांनी वाढते. असा बार दुकानात तीनशे रुपयांच्या आसपास जातो. शेतकऱ्याला वीस टक्के अधिक द्यायला ग्राहकाला सात रुपयेही जड नाहीत. अडते ते दोघांमधल्या वाटेवर.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. छोट्या उत्पादकाची वर्षाची गरज काही टनांची असते, देशाचे उत्पादन हजारो टनांचे. त्याला उत्तम बीच हवे असते, दुय्यम माल घ्यायला तो तयार नसतो, आणि असा माल शेतकऱ्याला मोठ्या खरेदीदाराकडेच न्यावा लागतो. विक्री थंडावली की पुढच्या वर्षाची मागणी निम्म्यावर येते. पैसे वेळेवर न मिळण्याच्या तक्रारी छोट्या उत्पादकांबाबतही होतात, भावना कितीही चांगल्या असोत. म्हणून शहाणा बागायतदार मालाचा एक भाग छोट्या उत्पादकाला, मोठा भाग सहकारी संस्थेला किंवा कंपनीला आणि बागेचा मुख्य आधार नारळ-सुपारीवर ठेवतो. कोकोची शेती टिकते ती या तिहेरी आधारावर.

महाराष्ट्रात कोकोला जागा आहे ती कोकणात. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात नारळ-सुपारीच्या कुळागरांतली सावली, दमट हवा आणि माती त्याला मानवते. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांतच ओतून जाणारा. जानेवारी ते मे पाणी द्यावे लागते. जायफळ, मिरी, दालचिनी या मिश्रपिकांशी कोकोची स्पर्धा आहे आणि ती पिके वाळवून घरात ठेवता येतात, गिऱ्हाईक गावातच येते. कोको लावायचा तर आधी आंबवण केंद्र कुठे असेल आणि ते कोण चालवील हे ठरवावे. झाडे आधी आणि खरेदीदार नंतर, या क्रमाने केरळाने १९८० च्या सुमारास मोठी किंमत मोजली आहे.

बुलडाण्यात कोको नाही, पण आंबवण्याच्या पेटीसारखी जागा प्रत्येक पिकात असते. कापसात ती जिनिंग आणि प्रतवारीत आहे. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. १८७० मध्ये जलंबहून तिथे रेल्वेचा फाटा टाकला गेला, तो कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी. शेतकऱ्याचा माल जगाच्या बाजाराला तेव्हाच जोडला गेला, भाव ठरवण्याचा अधिकार मात्र त्याला मिळाला नाही. १९७२ मध्ये राज्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली, तिच्यातही सर्वांत जास्त वाद झाले ते प्रतवारीवरून. आजही खेडा खरेदीत ओलाव्याच्या नावाखाली होणारी कटती शेतकऱ्याला ठाऊक आहे. सेंद्रिय कापसाने हा प्रश्न सुटेल अशी आशा आहे. २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन बुलडाण्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुरू झाले. मात्र सेंद्रिय कापूस साध्या कापसाबरोबर एकाच जिनमध्ये मिसळला की त्याचे वेगळेपण तिथेच संपते. वेगळा जिन किंवा जिनमध्ये राखून ठेवलेला दिवस, हा सेंद्रिय कापसाच्या करारातला पहिला मुद्दा असायला हवा.

त्याहून जवळचे साम्य देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा तालुक्यांतल्या शेडनेटमध्ये दिसते. मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बी इथे कंपन्यांसाठी तयार होते. नर आणि मादी वाणांचे बियाणे कंपनी देते, फुलाफुलावर हाताने परागीभवन करण्याचे बारीक काम मुख्यतः स्त्रिया करतात, आणि तयार बियांचा दर हंगामाआधी ठरलेला असतो. दर आधी ठरतो ही कोकोच्या शेतकऱ्याला हेवा वाटावी अशी गोष्ट. पण बी दिल्यानंतर उगवणशक्तीची आणि आनुवंशिक शुद्धतेची चाचणी होते, ती खरेदीदाराच्या हाती असते, तिला महिने लागतात आणि तोवर पैसे अडकून राहतात. नमुना नापास झाला तर हंगाम बुडतो. कोकोत जी ताकद ओल्या बियांच्या एका रात्रीत आहे, ती इथे चाचणीच्या अहवालात आहे.

कोकोच्या अनुभवातून घेण्याजोगी तरतूद इथे नेमकी आहे, आणि तिचा आधार देशाच्या कायद्यातच सापडतो. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार बियाणे निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग होतात. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक तपासणीसाठी बीज विश्लेषकाकडे, आणि तिसरा सीलबंद राखून ठेवण्यासाठी. हीच पद्धत बीजोत्पादनाच्या खासगी करारांत लिहून घ्यावी. बी देताना शेतकऱ्यासमोर तीन नमुने सील व्हावेत, एक त्याच्या घरी राहावा आणि वाद झाला तर तिसरा नमुना कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी प्रयोगशाळेत जावा. अहवालाची मुदत आणि ती उलटल्यास द्यायचे व्याज याचाही उल्लेख करारात असावा. एकटा शेतकरी ही अट घालू शकणार नाही. गावातल्या शेडनेटधारकांनी गट करून, लागवडीचे बियाणे ताब्यात घेण्याआधीच ती घालावी.